दुखावलेला मेरुरज्जू आणि विजेची चेतना

मेंदूपासून निघून पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून सुमारे करंगळीएवढ्या जाडीची एक दोरी कंबरेपर्यंत उतरते. तिला मेरुरज्जू म्हणतात. अपघातात मणका मोडून ती चेंगरली, की त्याखालचे शरीर मेंदूच्या आज्ञेला पारखे होते. तुटलेले तंतू पुन्हा सांधण्याची विद्या वैद्यकाला अद्याप साधलेली नाही. मात्र इजेच्या जागेखालचा मेरुरज्जू बहुधा जिवंतच असतो, आणि विजेच्या उपचाराची सारी भिस्त ह्या एका गोष्टीवर आहे.

त्या भागाला स्वतःची अशी काही जाणही असते. मेरुरज्जू छेदलेल्या मांजराच्या पायांतही चालण्याची आळीपाळीची लय उमटते, हे टी. ग्रॅहम ब्राउन यांनी 1911 साली दाखवून दिले. मेंदू जणू 'चाल' एवढेच सांगतो. पावलांचा पुष्कळसा तपशील खालच्या खाली ठरतो.

2009 साली अमेरिकेतील लुइसव्हिल येथे सुझन हार्केमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणाच्या मेरुरज्जूच्या आवरणावर सोळा विद्युत् अग्रांची पट्टी बसविली. हे उपकरण मुळात वेदना शमविण्यासाठी बनविलेले होते! मोटारीच्या धडकेने त्याचे पाय लुळे पडले होते आणि व्यायामाच्या 170 सत्रांचाही उपयोग झाला नव्हता. प्रवाह सुरू होताच तो स्वतःचा भार पेलून चार मिनिटांहून अधिक वेळ उभा राहू लागला. पुढे काही महिन्यांनी त्याला पाय इच्छेनुसार हलविता येऊ लागले; परंतु प्रवाह चालू असेपर्यंतच.

ही वीज स्नायूंना ओढत नाही. ती संवेदना आणणाऱ्या तंतूंना चेतवून मेरुरज्जूला सज्ज ठेवते. काठोकाठ भरलेल्या हौदात तांब्याभर पाणी ओतले तरी ते सांडते. तद्वत तळव्याचा दाब किंवा मेंदूकडून आलेला क्षीण संदेशही मग पुरेसा होतो. सतत वाहणारा प्रवाह मात्र पायांकडून येणाऱ्या संवेदनांना अडथळा करतो, असे आढळले. म्हणून लोझान येथील संशोधकांनी पावलाच्या तालावर प्रवाह दिला आणि 2018 साली तीन रुग्ण आधाराने चालू लागले.

हातही लुळे पडलेल्या माणसाला चालण्याहून स्वतःच्या हाताने घास घेणे अधिक मोलाचे वाटते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शस्त्रक्रियेवाचून, मानेच्या त्वचेवरूनच प्रवाह देण्यात आला. व्यायामासह हा उपचार घेतलेल्या साठ जणांपैकी शेकडा 72 जणांच्या हातांची शक्ती व कार्यक्षमता सुधारली. त्याच वर्षी डिसेंबरात ह्या उपकरणास अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र ह्या प्रयोगात इजेनंतरही काही तंतू शाबूत राहिलेलेच रुग्ण घेतले होते.