वृद्धांची परसबाग : श्रमातून स्वास्थ्य

मालवणहून देवबागेकडे किंवा आचऱ्याकडे जाताना माडांच्या सावलीत जी घरे लागतात, त्यांपैकी कित्येक घरांत आज केवळ वृद्ध माणसे राहतात. मुले मुंबईस नोकरीला असतात. ती गणपतीस व मे महिन्यात येतात आणि परत जातात. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ८ लक्ष ६९ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे ८ लक्ष ५० हजारांवर उतरली. घरी राहिलेल्या या वडीलधाऱ्या मंडळींचे शरीर कामास लायक कसे राहील, हा प्रश्न आरोग्य खात्याइतकाच शेतीखात्याचाही आहे. त्यांच्या हाताखालची परसबाग हे त्यावरील एक चांगले साधन होय.

नेहमी आढळणारा प्रकार असा. घरातील आजी शेवाळलेल्या पायरीवरून घसरते, किंवा आजोबांच्या अंगावरून वारे जाते. उपचार होऊन माणूस घरी येतो. मग घरची मंडळी मायेपोटी प्रथम कोणती गोष्ट करतात, तर त्याच्या हातातील खुरपे व कळशी काढून घेतात. "आये, तू आता गप बसान रव," असे सांगण्यात प्रेमच असते. पण परिणाम उलटा होतो. वृद्धापकाळी अंथरुणात काढलेले दहा दिवसही मांडीचे स्नायू लक्षात येण्याइतके क्षीण करतात. स्नायू क्षीण झाले की उठताना तोल जातो, तोल गेल्याची भीती बसते, भीतीमुळे हालचाल आणखी कमी होते आणि माणूस पुन्हा पडतो. जन्मभर ज्याने भात लावला, माडाला आळी केली, त्याला रिकामे बसविणे ही विश्रांती नव्हे.

कामातून उपचार करण्याची विद्या आपल्याकडे नवीन नाही. मूळच्या अमेरिकेतील व विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. रुग्णाला अर्थपूर्ण वाटेल असे काम मोजून-मापून देणे आणि त्यातून गेलेली शक्ती परत मिळविणे, हे या शास्त्राचे सूत्र आहे. त्याच्या एक वर्ष आधी, १९४९ साली, बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारण्यास प्रारंभ केला. समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरुग्णांनी तेथील माळरानावर शेती केली व स्वतःचे अन्न पिकविले. आपल्या वाडीतील वृद्धांची स्थिती निराळी आहे हे खरे. परंतु ज्याच्या हातून काही पिकते, त्याला घरात व गावात पत मिळते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

बागकामात शरीराला नेमका कोणता व्यायाम घडतो, ते कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे, म्हणजे प्रत्येकाला योग्य ते काम सुचविता येईल. बाकड्यावरून उठून वाफ्यापर्यंत जाणे व परत बसणे याने मांड्या बळावतात. मांडवावरील पडवळ अथवा दोडका काढताना खांदा वर उचलला जातो. वारे गेलेल्या माणसाचा खांदा आखडतो, त्याला हे काम उपयोगी पडते. मात्र ते फिजिओथेरपिस्टाच्या सल्ल्यानेच सुरू करावे. अबोलीची फुले खुडणे व त्यांचा वळेसर गुंफणे, राजगिऱ्याएवढे बारीक बी चिमटीने पेरणे, यांत बोटांची नाजूक हालचाल होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रम करावेत आणि तीन दिवस तरी तोल व बळ वाढविणारी हालचाल करावी. परसात सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे काम केल्यास हे माप सहज गाठता येते. आजारातून उठलेल्याने मात्र दहा-पंधरा मिनिटांपासूनच आरंभ करावा. काम करताना दोन वाक्ये धड बोलता येत नसतील, तर काम थांबवावे.

आता वाफ्याविषयी. जमिनीवरील वाफा वृद्धांच्या कामाचा नाही. उकिडवे बसणे व वाकणे त्यांना झेपत नाही, आणि मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्यांना डॉक्टर ते बहुधा वर्ज्यच करतात. म्हणून जांभ्या दगडाचे चिरे एकावर एक रचून सुमारे दोन फूट उंचीचा वाफा बांधावा. एका बाजूने काम करावयाचे असेल तर रुंदी दोन फूट, दोन्ही बाजूंनी असेल तर चार फूट ठेवावी. याहून अधिक ठेवल्यास बसल्या जागेवरून हात पोचत नाही. तळाशी नारळाची सोडणे उलटी-सुलटी पसरावीत. ती पाणी धरून ठेवतात आणि भरावाचा खर्चही वाचवितात. त्यावर कुजलेला पातेरा, शेणखत व माती घालावी. किनाऱ्यावरील रेवट माती पाणी धरत नाही, म्हणून शेणखताचे प्रमाण सढळ असावे. शेजारी टेकावयास पाठ असलेले बाकडे हवे, आणि उठताना धरावयास एक मजबूत खांब पुरावा. वाफ्यापर्यंतची वाट सपाट असावी. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात चिऱ्यांवर शेवाळ धरणारच. ते घासून काढावे व वाटेवर जाडी रेती टाकावी. माझ्या मते वाफ्यापेक्षाही वाटेकडे प्रथम लक्ष द्यावे.

खुरप्याच्या मुठीस सायकलची जुनी ट्यूब गुंडाळल्यास मूठ जाड होते व संधिवाताच्या बोटांना धरता येते. पाणी कळशीने घालू नये. भरलेली कळशी उचलताना कंबर धरल्याची उदाहरणे घरोघर आहेत. वाफ्याजवळ बादली भरून ठेवावी आणि तांब्याने अथवा दांडा बसविलेल्या करवंटीने पाणी द्यावे. मांडवासाठी निकामी झालेले मासेमारीचे जाळे फार उपयुक्त आहे. ज्याचे आयुष्य रापणीवर गेले, त्या वृद्धाला ते बांधावयास सांगावे. शेती शिकविण्याच्या भरात आपण पुष्कळदा विसरतो की, गाठ मारण्याचे ज्ञान त्याचेच आपल्याहून अधिक आहे.

पहिले पीक लवकर हाती येणारे निवडावे. पाऊस ओसरल्यावर पेरलेला तांबडा माठ महिन्याच्या आत काढणीस येतो. त्या पाठोपाठ मुळा, चवळी व वाल घ्यावा. माकडांचा उपद्रव जेथे असह्य आहे, तेथे मिरची, हळद व आले त्या मानाने टिकतात. ज्या वृद्धांची स्मृती मंदावली आहे, त्यांच्यासाठी दरवर्षी त्याच जागी तीच भाजी लावावी, आणि कण्हेर व धोतरा परसातून काढून टाकावा.

काही गोष्टींत मात्र कसूर चालणार नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते व काटा रुतल्याचे कळत नाही; अशा व्यक्तीने अनवाणी परसात उतरू नये आणि रात्री तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत. रक्तदाबाचे औषध घेणाऱ्याने एकदम उठू नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातापायावर जखम असताना चिखलात काम करू नये, आणि ताप, तीव्र अंगदुखी व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. बागकाम औषधाची जागा घेत नाही.

दुसरा धोका घरातूनच संभवतो. आजोबा काम करू लागले की कोणी त्यांना गड्याचे काम सांगू लागतो. काय लावावे व किती वेळ करावे, हे त्यांनी स्वतः ठरवावे. भाजीचे अथवा फुलांचे चार पैसे आले तर ते त्यांच्याच हाती पडावेत.

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील एकटे राहणारे किंवा आजारातून उठलेले वृद्ध कोण, याची विचारपूस आशा सेविकेकडे करावी आणि भाताची कापणी आटोपताच त्यांच्या घरी जावे. चिरे वाहून वाफा रचण्याचे काम वाडीतील तरुणांकडून एका सकाळी होते. एक महिन्याने पुन्हा जावे. त्या वेळी भाजी कशी आली हे विचारण्यापूर्वी, हाताचा आधार न घेता ती व्यक्ती बाकड्यावरून उठते का, आणि महिन्यापूर्वी विहिरीपर्यंत जाण्यास तिला जितका वेळ लागत होता तितकाच आजही लागतो का, हे पाहून वहीत नोंदवावे.