राखेचा उजेड

संगमेश्वरहून एका वाचकांनी कळवलंय : लाइनवर झाड पडलं, ऐन थंडीत तीन रात्री वीज नव्हती, म्हणून माळ्यावरची ग्यासबत्ती खाली काढली. नवं मेंटल बांधून पेटवलं, ते जळून त्याची राख झाली. आता राख काही जळत नाही, मग ती उजेड कशी देते?

असा प्रश्न पडायला वीज जावी लागते. युरोपात हिवाळ्यात वीज गेली की माणसं गारठतात. आपलं गोधडीवर भागतं. आपली अडचण अंधाराची, विहिरीवरच्या पंपाची आणि हल्ली मोबाइलची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे असे काढले. हिवाळ्यातला मोठा अंधार मात्र ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, पोफळीचं वीजघर बंद पडलं आणि तिकडे मुंबईचे दिवे गेले. पोफळी संगमेश्वरच्या शेजारच्या, चिपळूण तालुक्यात. तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच वाड्यांना त्याचा पत्ताही लागला नसेल. त्यांच्याकडे जायला वीजच नव्हती!

आता मेंटल. दिसायला ते सुती जाळीचं, पण थोरियम आणि सिरियमच्या क्षारांत भिजवून वाळवलेलं. स्पिरिटच्या निळ्या ज्योतीवर ते आधी काळं पडतं, आक्रसतं, मग सूत जळून जातं. मागे उरतो तो दोन्हींच्या ऑक्साइडचा पांढरा सांगाडा, बोट लागलं तरी चुरा होणारा. पंप मारला की रॉकेलची वाफ त्याच्या पोटात जळते आणि सांगाडा तापून लखलखतो. जळतं ते रॉकेल, राख फक्त तापते.

पण तापायला तवाही तापतो, तो कुठे असा उजळतो? तापलेल्या बहुतेक वस्तू आपली ऊर्जा न दिसणाऱ्या उष्ण किरणांतच घालवून बसतात. थोरियम ऑक्साइड इथे कंजूष आहे : उष्ण किरण फारसे सोडत नाही, म्हणून निवत नाही. प्रकाशही देत नाही म्हणा. ते काम सिरियमचं. शंभरात एक भाग सिरियम, बाकी थोरियम. नुसतं थोरियम असेल तर उजेड मिणमिणता. सिरियम वाढवलं तर जाळी निवते. दुधाला विरजण लावावं तसं हे प्रमाण.

ते सापडलं व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखला. १८८५ चं त्याचं पहिलं मेंटल हिरवट उजेडाचं आणि लगेच तुटणारं, धंदा बसला. १८९१ मध्ये त्याने हे मिश्रण आणलं. लायटरचा खडाही त्याचाच. आणि गंमत म्हणजे, विजेच्या दिव्यात ऑस्मियम धातूची तार घालून आपल्याच मेंटलला स्पर्धक उभा केला तोही त्यानेच. दिवा म्हटला की आपली पोरं एडिसनचं नाव घेतात. घेऊ देत. पण निओडिमियम हे मूलद्रव्य वेगळं काढणारा हाच वेल्सबाख, आणि तुमच्या बंद पडलेल्या मोबाइलच्या स्पीकरमधल्या चुंबकात ते असतं.

थोरियम यायचं ब्राझीलच्या मोनाझाइट वाळूतून. १९०९ मध्ये शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला तीच वाळू त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली दिसली. काथ्याच्या चऱ्हाटाला वाळू चिकटते हे कोकणात कोणाला नवीन? आपण ती झटकतो. तो माग काढत थेट आपल्या दक्षिण किनाऱ्यावर आला, आणि तिथून जगभरच्या मेंटलांना कच्चा माल निघाला.

थोरियम किंचित किरणोत्सारी असतं. बत्तीपाशी बसायला हरकत नाही, पण फुटलेल्या मेंटलची राख फुंकून उडवायची नाही. ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. आणि थंडी वाजते म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून बत्ती पेटती ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एक झडप उघडी असू द्या, भले किडे आत आले तरी.