हॉटेलात आधी ताट, मग गोळी

आंबडव्याला जायला मुंबईहून पहाटे निघालेली गाडी मंडणगडला पोहोचेपर्यंत जेवणाची वेळ टळते. बाबासाहेबांचे मूळ गाव पाहायला येणाऱ्यांत वयस्क मंडळी पुष्कळ, आणि त्यांतल्या कित्येकांना मधुमेह. खुद्द बाबासाहेबांनाही तो होता.

हॉटेलच्या थाळीतले पापड-लोणचे बाजूला ठेवावे, भात बेताने घ्यावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. घोटाळा होतो तो वेळेचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन लोक खुर्चीत बसताच घेतात. गर्दीत ताट यायला पाऊण तास लागतो आणि तोवर रक्तातली साखर उतरू लागते. घाम सुटतो, हात थरथरतात, गरगरते. आपण म्हणतो, प्रवासाचा शीण!

अशा वेळी तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या. 15 मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, आणि मग जेवू घाला. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. थेट रुग्णालय गाठा.

औषध जेवणाच्या किती आधी घ्यायचे, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. हॉटेलात ताट किती वेळात येईल ते वेटरला विचारायला लाजू नका. साखरेची पुडी मात्र खिशातच हवी, गाडीतल्या पिशवीत नको.