तोडणारे आपण, सांधणारी पेशी!

जीन एडिटिंग म्हटलं की डोळ्यासमोर कात्री येते. पेपरवाल्यांनी 'जनुकीय कात्री' हा शब्द इतका घासून गुळगुळीत केला आहे की ती कात्रीच सगळं काही करते असं वाटावं. पण मित्रांनो, कात्री फक्त कापते. कापल्यानंतर जे एडिटिंग होतं ते कात्री करतच नाही. मग करतं कोण? पेशी स्वतः! आणि तेही आपल्यावर उपकार म्हणून नव्हे, तर स्वतःचा जीव वाचवायला.

ही गोष्ट वनस्पतींच्या बाबतीत क्रिस्परचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा दाखवून दिली ती होल्गर पुख्टा या जर्मन शास्त्रज्ञाने. पुख्टा यांची प्रयोगशाळा जर्मनीतल्या कार्ल्सरुहे तंत्रज्ञान संस्थेत आहे. (ई अँड टीसीच्या मंडळींनी कान टवकारावेत, हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्या याच गावात.) इंजिनिअरिंगच्या संस्थेत झाडांची जनुकं कशाला, हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर लेखाच्या ओघात मिळेलच.

आधी थोडं बेसिक. डीएनए म्हणजे दोन धाग्यांचा पीळ, आणि त्यावर चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. यातला एकच धागा तुटला तर फार बिघडत नाही, समोरचा धागा पाहून तो दुरुस्त होतो. दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर मात्र गुणसूत्राचे दोन तुकडे होतात. असं तुटलेलं गुणसूत्र घेऊन पेशी विभागली तर तुकडा हरवतो आणि पेशी मरूही शकते. म्हणून प्रत्येक पेशीत दुरुस्तीची यंत्रणा चोवीस तास ड्यूटीवर असते.

ही दुरुस्ती मुख्यतः दोन प्रकारे होते. समजा सबमिशनच्या आदल्या रात्री तुमच्या जर्नलचं पान मधोमध फाटलं. पहिला उपाय, सेलोटेप. दोन्ही तुकडे जवळ आणा आणि चिकटवा. काम लगेच होतं, पण कडेची दोन-चार अक्षरं जातात, नाहीतर भलतीच कागदाची चिंधी मध्ये चिकटून बसते. दुसरा उपाय, रूम पार्टनरचं जर्नल समोर ठेवायचं आणि गेलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून काढायचा. (या उपायाची सवय कुणाला नाही ते सांगा!) पेशीही नेमकं हेच करते. पहिल्या प्रकारात नुसती टोकं जोडते, दुसऱ्यात जुळणारी दुसरी प्रत शोधून तिची नक्कल करते.

आता खरी मेख ऐका. पार्टनरच्या जर्नलच्या जागी आपण गुपचूप आपल्याला हवा तो मजकूर लिहिलेलं जर्नल सरकवलं तर? पेशी तेच उतरवून घेईल. फक्त कडेचा मजकूर जुळला पाहिजे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस वनस्पतींत हे करून पाहिलं गेलं, पण यश हजारोंत, कधी कधी तर लाखांत एखाद्या पेशीत मिळायचं. कारण साधं होतं. पान फाटलेलंच नसेल तर पेशी नक्कल कशाला करील? पुख्टा तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला बार्बारा होन यांच्या गटात काम करत होते. १९९३ साली त्यांनी यीस्टमधलं आय-एससीई-वन नावाचं एन्झाइम तंबाखूच्या जातीतल्या एका रोपाच्या पेशींत वापरलं. हे एन्झाइम १८ अक्षरांचा एक ठरावीक क्रम दिसला तरच कापतं. चाराचा अठरावा घात काढून पाहा, ६,८७१ कोटींहून जास्त येतो. गव्हासारख्या अवाढव्य जीनोममध्ये सुमारे १,६०० कोटी अक्षरं असतात, म्हणजे तिथेही हा क्रम योगायोगाने सापडणं कठीणच. थोडक्यात काय, शास्त्रज्ञाने मुद्दाम पेरलेल्या जागीच काप पडणार. आणि काप पडताच नक्कल करून होणाऱ्या दुरुस्तीचं प्रमाण वाढलं. १९९६ साली तंबाखूच्या गुणसूत्रावरच हा प्रयोग झाला, तेव्हा ही वाढ जवळपास शंभर पटीपर्यंत गेली.

आजच्या भाषेत बोलायचं तर एडिटिंगचं तत्त्व इथे सिद्ध झालं होतं. अडचण होती ती कात्रीची. कापायची जागा आधी पेरावी लागत असेल तर शेतातल्या पिकाला तिचा काय उपयोग? ही अडचण सहजपणे दूर व्हायला २०१२ साल उजाडावं लागलं. एमॅन्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी दाखवलं की क्रिस्पर-कॅस९ला साधारण २० अक्षरांचा आरएनएचा पत्ता दिला की ते हव्या त्या जागी जाऊन कापतं. २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते यासाठी. २०१३ मध्ये क्रिस्पर वनस्पतींत पोचलं, तेव्हा काप पडल्यावर काय होतं याचा अभ्यास पुख्टांकडे वीस वर्षांचा तयार होता.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडते. २००० साली त्यांच्या गटाने तंबाखू आणि अरॅबिडॉप्सिस (मोहरीच्या कुळातलं एक किरकोळ तण, पण प्रयोगशाळांचं लाडकं) यांची सेलोटेप दुरुस्ती शेजारी ठेवून तपासली. तंबाखूत गाळलेला मजकूर लहान, आणि बऱ्याचदा मध्ये भलताच तुकडा घुसलेला. अरॅबिडॉप्सिसमध्ये गाळलेला मजकूर मोठा, आणि भर काहीच नाही. आता पाहा, तंबाखूचा जीनोम अरॅबिडॉप्सिसच्या वीसपटीहून मोठा आहे! म्हणजे लाखो वर्षांच्या अशा दुरुस्त्यांतून एकाची वही फुगत गेली आणि दुसऱ्याची रोडावत गेली, असं असू शकेल का? हा अंदाज पुख्टांच्या गटाने मांडला. मेन्टेनन्सच्या पद्धतीने मशीनचं डिझाइनच बदलावं, तसला हा प्रकार!

असो. अलीकडच्या कामात ते एकेका अक्षराच्या पलीकडे गेले आहेत. गुणसूत्रावर एक नव्हे, दोन ठिकाणी कापलं तर मधला तुकडा उलटा होऊन पुन्हा चिकटू शकतो. हे का करायचं? पैदासकारांची जुनी डोकेदुखी अशी, की रोगाला तोंड देणारं चांगलं जनुक आणि नको असलेलं जनुक शेजारी शेजारी असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जोडीनेच येतात. त्यांची ताटातूट होते ती संकराच्या वेळी गुणसूत्रांची अदलाबदल झाली तरच. पण दोन वाणांपैकी एकात तो तुकडा उलटा असेल तर गुणसूत्रं नीट जुळत नाहीत आणि अदलाबदल होत नाही. २०२० मध्ये या गटाने अरॅबिडॉप्सिसच्या चौथ्या गुणसूत्रावरचा निसर्गतःच उलटलेला सुमारे ११ लाख अक्षरांचा तुकडा पुन्हा सुलटा केला, आणि तिथे बंद पडलेली अदलाबदल सुरू झाली. त्याच वर्षी दोन वेगळ्या गुणसूत्रांच्या टोकांची आपसात बदलीही करून झाली. २०२२ मध्ये उलट प्रयोग केला. दुसऱ्या गुणसूत्राचा सुमारे नऊदशांश भाग, म्हणजे जवळपास १ कोटी ७० लाख अक्षरं, उलटा केला आणि त्या भागातली अदलाबदल जवळजवळ बंद पाडली. चांगली जनुकं एकत्र कुलूपबंद ठेवायची तर हाच मार्ग! काप अंडपेशीत पडेल अशी व्यवस्था केली, म्हणजे बदल थेट पुढच्या पिढीत उतरतो. आता कळलं ना, हे इंजिनिअरिंगच आहे ते?

हे सगळं कायद्याला मात्र झेपायला जड जातं. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्साराने घडवलेल्या बदलांतून भुईमुगाची वाणं काढली, टीएजी-२४ त्यातलंच. किरणं डीएनए कुठेही तोडतात, पेशी कशीबशी सांधते, आणि त्यातून चांगलं निघालेलं रोप निवडलं जातं. त्याला कुणी हरकत घेत नाही. पण २५ जुलै २०१८ रोजी युरोपच्या न्यायालयाने ठरवलं की नेमक्या जागी तोडून केलेलं एडिटिंग मात्र जीएमच्या कडक नियमांत बसतं. बेछूट तोडफोड चालते आणि नेम धरून तोडलेलं चालत नाही, हे तर्काला धरून नाही असं माझं मत. नेम धरला तरी क्वचित भलतीकडे काप पडू शकतो, तेव्हा तपासणी हवीच, पण ती तयार झालेल्या रोपाची व्हावी.

भारताने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. बाहेरचं जनुक न घालता केलेल्या एडिटिंगला जीएमच्या बऱ्याच अटींतून सूट दिली. बीटी कापसात जिवाणूचं जनुक आहे, इथे तसं काही नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने भाताची एडिट केलेली दोन वाणं जाहीर केली. त्यातलं 'कमला' हे आपल्या ओळखीच्या सांबा मसुरीवरून केलेलं आहे. बियाण्याचे हक्क कुणाचे, क्रिस्परच्या पेटंटचं काय, हे प्रश्न अजून शिल्लक आहेत आणि शेतकऱ्याच्या खिशाशी त्यांचाच संबंध जास्त. त्यावर मेसमध्ये वाद घालायला माझी तयारी आहे.