४२ फुटांचं रिंगण आणि कुरुंदवाडचा चाबुकस्वार

सर्कशीच्या रिंगणाचा व्यास ४२ फूट असतो. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टलीने घोडेस्वारीचे खेळ सुरू केले आणि त्याच्याच प्रयोगांतून पुढे हे माप पक्कं झालं. ठाण्यात वर्तकनगरच्या एखाद्या मैदानावर खुंटी ठोकून २१ फुटांची दोरी गोल फिरवली, की रिंगण आखून तयार. परीघ सुमारे १३२ फूट, म्हणजे ४० मीटर. घोडा ताशी १८ किलोमीटरने धावला, तर एक फेरी ८ सेकंदांत होते. त्या वेगाला घोडा आतल्या बाजूला साधारण २२ अंश कलतो. पाठीवर उभ्या स्वारानेही तोच कल धरला, तर तो पडत नाही. वर्तुळ फार मोठं केलं तर या कलाची मदत कमी होते. फार लहान केलं तर घोड्याला वळता येत नाही.

व्हिक्टोरियाच्या काळातली (१८३७ ते १९०१) सर्कस आधी घोड्यांची होती, हे या मापातच दिसतं. वाघ-सिंह, झुले, विदूषक हे सगळं घोड्याभोवती जमलं. म्हणूनच आपल्याकडे ती एका चाबुकस्वाराने उभी केली, हा मला योगायोग वाटत नाही.

विष्णुपंत छत्रे यांचा जन्म १८४० चा, सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचा. ग्वाल्हेरला हद्दूखाँ यांच्याकडे गाणं शिकलेला हा माणूस कुरुंदवाड संस्थानात घोडे तयार करत असे. इटालियन सर्कसवाला जुसेप्पे कियारिनी मुंबईत आला, तेव्हा हिंदी माणसाला असे खेळ जमायचे नाहीत, अशा अर्थाचं काही तो बोलला आणि छत्र्यांनी ते मनावर घेतलं, असं सांगतात. २० मार्च १८८० रोजी मुंबईच्या क्रॉस मैदानावर त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाल्याची नोंद सर्वाधिक दिली जाते. ॲस्टलीनंतर ११२ वर्षांनी.

तंबू, माणसं आणि जनावरं गावोगाव न्यायची तर रेल्वे हवी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर–ठाणे हा ३४ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला, १८५४ मध्ये कल्याण जोडलं गेलं, १८६३ मध्ये बोरघाट ओलांडला गेला. छत्र्यांच्या पहिल्या खेळाच्या वेळी ठाण्याची गाडी २७ वर्षांची होत आली होती. या फिरतीत हद्दूखाँचे गायक पुत्र रहिमतखाँ यांनाही छत्र्यांनी सर्कशीबरोबर सांभाळलं. गाणं आणि घोडा एकाच बिऱ्हाडात नांदले, ही मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

१८८७ च्या सुमारास सर्कस केरळात तेलिचेरीला गेली. तिथले व्यायामशिक्षक कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी कसरतपटू घडवायचं मनावर घेतलं. त्यांची सर्कस-शाळा तिथल्याच चिरक्करात १९०१ मध्ये उघडली. त्याच वर्षी जानेवारीत राणी व्हिक्टोरिया वारली. पुढची अनेक दशकं भारतीय सर्कशीतले बहुतेक कलावंत केरळातून आले, पण त्यांच्या वाटेची सुरुवात कुरुंदवाडच्या पागेत झाली होती. ठाण्याच्या शाळांत १८५३ शिकवतात. त्याच धड्यात १८८०सुद्धा शिकवावं.