राउटर कोणता, तारेचा की बिनतारी?



सातपुड्यातल्या आपल्या वसतिगृहात इंटरनेटची जोडणी घ्यायची ठरल्यापासून अनेक मंडळ्यांतून एकच प्रश्न येत आहे : राउटर कोणता पाठवू, तारेचा की वायफायचा? काहींना स्वतःच्या घरासाठीही हेच विचारायचे आहे. दोहोंचे उत्तर एकत्रच देतो, कारण घर पुण्यात असो की डोंगरात, तत्त्व एकच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट दारापर्यंत येते ते फायबरने, टेलिफोनच्या तारेने किंवा मोबाइलच्या टॉवरवरून. आलेली ती एक जोडणी घरातल्या सगळ्या यंत्रांना वाटून देणे एवढेच राउटरचे काम. हे वाटप तारेने होते किंवा रेडिओ लहरींनी. आज बाजारात मिळणारे बहुतेक घरगुती राउटर दोन्ही करतात. वायफाय राउटर उलटा करून पाहा, मागे दोन-चार चौकोनी खाचा दिसतील. त्या तारेसाठीच असतात, पण बहुतेक घरांत त्या रिकाम्याच राहतात. म्हणून खरा प्रश्न राउटरचा नाही. कोणते यंत्र तारेवर ठेवायचे आणि कोणते लहरींवर, हा आहे.

वसतिगृहाची जुनी इमारत दगडी आहे, भिंती जाड आणि वर पत्रे. अशा भिंती लहरी गिळतात आणि पत्रा त्या परतवतो. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत येतात. 2.4 गिगाहर्ट्झची लहर जरा लांब जाते व भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिचा वेग कमी असतो. 5 गिगाहर्ट्झची वेगवान असते, मात्र एक-दोन भिंतींतच दमते. शिवाय एका राउटरवरची सगळी यंत्रे एकाच लहरीवर पाळीपाळीने बोलतात. प्रार्थनासभेत एका वेळी एकानेच प्रार्थना करावी तसे. वीस फोन एकदम जोडले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते.

याचा फटका बसतो तो शिष्यवृत्तीच्या अर्जांना. अकरावीच्या पुढची आपली मुले महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका असे एकेक कागद चढवायचे असतात. मध्येच जोडणी तुटली तर पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि शेवटच्या तारखेजवळ सगळ्या महाराष्ट्राची मुले त्याच दारात उभी असतात. फीचे पैसे या अर्जावर अवलंबून असतात. म्हणून अभ्यासिकेतला संगणक तारेवरच हवा. तो टेबलावरून हलत नाही, मग त्याला लहरींवर कशाला टांगायचे?

तार घेताना कॅट 5ई किंवा कॅट 6 मागावी. दोन्ही 100 मीटरपर्यंत सेकंदाला 1 गिगाबिट इतका वेग देतात, आपल्या गरजेला तो पुरून उरतो. मात्र आतली तार शुद्ध तांब्याची आहे ना, हे दुकानदाराला विचारा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार वाकवताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. उंदरांचाही विचार करावा लागतो. तार उघडी न सोडता पट्टीतून किंवा पाइपातून न्यावी.

मुलींची इमारत अंगणापलीकडे आहे. तिथे तांब्याची तार उघड्यावरून नेणे आम्हाला धोक्याचे वाटते. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर विजेचा झटका त्या तारेतून आत शिरतो आणि राउटर, संगणक दोन्ही जाळू शकतो. फायबर काचेचे असल्याने त्यातून वीज वाहत नाही, म्हणून दोन इमारतींमध्ये फायबर टाकून दोन्ही टोकांना रूपांतराची छोटी पेटी बसवणे हा चांगला उपाय. खर्च थोडा वाढतो, पण तो वाचवण्यासारखा नाही.

वायफाय नकोच, असे मात्र कोणी समजू नये. फोनला तारेची खाच नसते. रविवारी मुले घरी बोलतात तेव्हा पाड्यावरचे आईबाप रेंजसाठी टेकडीवर चढून बसलेले असतात. निदान या बाजूने तरी आवाज तुटू नये. शिवाय वीज गेली की टेबलावरचा संगणक बंद पडतो आणि तार निरुपयोगी होते. पण राउटरला 12 व्होल्टचा लहान बॅटरी-यूपीएस जोडला तर तो आणखी काही तास चालतो, आणि लॅपटॉप व फोन सुरू राहतात. राउटर उंचावर, शक्यतो मध्यभागी ठेवावा. लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला तर चोरी टळेल, पण वायफायही कपाटातच राहील. पासवर्ड बदलावा आणि तो भिंतीवर चिकटवू नये.

घरच्यासाठी हिशोब सोपा आहे. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक राउटरजवळ असेल तर तारेने जोडा, फोन वायफायवर राहू द्या. राउटर दोन खोल्यांपलीकडे असेल आणि भिंत फोडायची नसेल, तर उगाच खर्चात पडू नका.

आता जुन्या राउटरविषयी. टेलिफोनच्या तारेवर चालणारे जुने राउटर फायबरला थेट जोडता येत नाहीत, पण तार लांब नेऊन तिच्या टोकाला ते दुसरे वायफाय केंद्र म्हणून चालू शकतात, तेव्हा फेकू नका. कंपनीने सुधारणा देणे थांबवलेले, फार जुने मात्र पाठवू नयेत, त्यांत सुरक्षेच्या फटी राहतात. पाठवताना त्याचाच अॅडॉप्टर सोबत बांधा. दुसऱ्या व्होल्टचा लावला तर राउटर बिघडू शकतो. आणि मागच्या बारीक भोकात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबून तो कोरा करा, म्हणजे आपल्या घरचा पासवर्ड त्याच्यासोबत आमच्याकडे येणार नाही.