पुस्तकात एकही गुपित नव्हतं, तरी सरकारनं कमाई का घेतली?

फ्रँक स्नेप हे सीआयएचे व्हिएतनाममधले अधिकारी. एप्रिल १९७५ मध्ये सायगॉन पडलं तेव्हा ते तिथेच होते. अमेरिकी लोक हेलिकॉप्टरनं निघून गेले, पण सीआयएसाठी काम केलेले अनेक व्हिएतनामी मागेच राहिले. हा सगळा गलथानपणा स्नेप यांनी १९७७ मध्ये 'डीसेंट इंटर्व्हल' या पुस्तकात मांडला.

त्यात गोपनीय माहिती आहे, असा दावा सरकारनं कोर्टात केलाच नाही. तरीही १९८० मध्ये सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी पुस्तकाची कमाई सरकारला द्यायला लावली.

कारण काय?

एक सही. छापण्याआधी मजकूर तपासायला देईन, असा करार स्नेप यांनी नोकरीत शिरतानाच केला होता. तो मोडला, एवढं पुरेसं ठरलं.

एडवर्ड स्नोडेन यांच्या २०१९ च्या आत्मचरित्रावरही याच आधारे खटला झाला. २०२० मध्ये ५० लाख डॉलरहून अधिक रकमेचा आदेश त्यांच्याविरुद्ध निघाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेच्या एका अपील कोर्टानं, स्नोडेन यांनी उघड केलेली फोन नोंदींची सरसकट साठवण बेकायदा होती, असं म्हटलं!

मग चूक कोणाची?

गुप्तता लागतेच. हेरांची नावं, सैन्याच्या हालचाली फुटल्या तर माणसं मरतात. दिलेल्या शब्दालाही किंमत आहे. पण ज्याची चूक दाखवायची, त्याचीच परवानगी मागायची असेल, तर तो करार देशाचं रक्षण करतो की साहेबांच्या अब्रूचं?

म्हणून जागल्याला तीन प्रश्न विचारले जातात. आधी आत तक्रार केली का? गरजेपुरतंच उघड केलं का? कुणाचा जीव धोक्यात आला का?

आपल्याकडे काय?

१९२३ चा ब्रिटिशकालीन शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे. २०२१ पासून गुप्तचर संस्थांच्या निवृत्त अधिकाऱ्यांना कामाशी संबंधित लेखनासाठी परवानगी लागते, नाहीतर पेन्शनवर गदा येऊ शकते. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मात्र २०१४ मध्ये संसदेत मंजूर होऊनही बरीच वर्षं अंमलाविना पडून राहिला.

म्हणजे तोंड बंद ठेवायला कायदा तयार, पण उघडणाऱ्याच्या पाठीशी कोण?